साडेतीन हजार शब्दांची यादी विकणाऱ्यांस

क्लासचालक महोदय,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. ती मी मुद्दाम पाळलेली नाही. तुमच्याबद्दल माझ्या मनात राग आहे, आणि तो का आहे हे चारचौघांसमोर सांगायचं म्हणूनच हे पत्र खुलं लिहिते आहे.

तुम्ही कोण हे वाचकांना कळायला नावाची गरज नाही. इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकाबाहेर, बसथांब्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेवर तुमची जाहिरात असते. अमेरिकेत एमएस करायचं आहे ना, मग जीआरई या प्रवेशपरीक्षेचा शब्दसाठा आमच्याकडून घ्या. मुलगा पैसे भरतो, आणि पहिल्याच दिवशी तुम्ही त्याच्या हातात स्पायरल बाइंडिंगची जाडजूड पुस्तिका ठेवता. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा एका शब्दातला अर्थ, असे साडेतीन हजार. रोज पन्नास पाठ करायचे आणि शनिवारी चाचणी द्यायची. त्यात चाळीसच्या खाली आला तर सगळ्या बॅचसमोर त्याचं नाव घेतलं जातं.

माझा आरोप सरळ आहे. वाचनाची परीक्षा तुम्ही पाठांतराची म्हणून विकता. मुलांचं होतं नव्हतं ते वाचन बंद पाडता. आणि मार्क कमी पडले की त्याच मुलांना ऐकवता, तुमचं इंग्रजीच कच्चं.

आरोप केला म्हणजे पुरावा द्यायला हवा, म्हणून मुळापासून सांगते. जीआरईची सुरुवात १९३६ साली झाली. अमेरिकेतल्या कार्नेगी फाउंडेशननं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांना बरोबर घेऊन तो प्रयोग केला. पुढे एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस, म्हणजे ईटीएस, ही संस्था ती परीक्षा घेऊ लागली. या परीक्षेच्या इंग्रजी भागात अनेक वर्षं विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न असत. एक सुटा शब्द द्यायचा आणि पाच पर्यायांतून त्याचा उलट अर्थ शोधायला सांगायचं. शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखण्याचे प्रश्नही असत. त्यांना ना वाक्य होतं ना संदर्भ. शब्द माहीत असला तर मार्क, नसला तर नाही. त्या काळात बॅरन्सच्या मार्गदर्शक पुस्तकातली साडेतीन हजार शब्दांची यादी मुलं घोकत होती, त्याला कारण होतं. कारण अपुरं असेल, पण होतं.

ऑगस्ट २०११ मध्ये ते कारण संपलं. ईटीएसनं परीक्षेची फेररचना केली आणि विरुद्धार्थी शब्द व शब्दजोड्या दोन्ही काढून टाकल्या. २०० ते ८०० ही जुनी मोजपट्टी जाऊन १३० ते १७० ही नवी आली. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी आटोपशीर झाली. पावणेचार तासांची परीक्षा आता दोन तासांच्या आत संपते. तिच्यातल्या इंग्रजी भागात दोन विभाग मिळून २७ प्रश्न असतात आणि त्यांना ४१ मिनिटं मिळतात. यातले जवळजवळ निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे. उरलेल्यांत रिकामी जागा भरायची असते, तीही अख्ख्या वाक्यातली किंवा परिच्छेदातली. सुटा शब्द देऊन अर्थ विचारणारा एकही प्रश्न या परीक्षेत नाही.

हे गुपित नाही. ईटीएसच्या संकेतस्थळावर ते कोणालाही फुकट वाचता येतं. ईटीएस अधिकृत शब्दयादी काढत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. तरी तुमच्या पुस्तिकेत विरुद्धार्थी शब्दांचे सराव संच अजून छापून येतात. २०११ साली बंद झालेल्या प्रश्नप्रकाराचा सराव तुम्ही आज पैसे घेऊन करून घेता. नवं वाचायचं, नवे प्रश्न तयार करायचे, शिक्षक घडवायचे, यात कष्ट आहेत आणि खर्चही आहे. जुन्या पानांची झेरॉक्स स्वस्त पडते. तुमच्या धंद्याचं सगळं गणित एवढंच आहे.

आता परीक्षेत नेमकं काय होतं ते पाहा. समजा, असं वाक्य आलं: समीक्षिकेनं कादंबरीची स्तुती केली, पण प्रत्येक वाक्याला एक ‘परंतु’ जोडला; तिची स्तुती अशी होती, आणि पुढे रिकामी जागा. पर्याय पाच: एफ्यूसिव्ह, ग्रॅच्युइटस, स्प्यूरियस, युनॅनिमस आणि क्वालिफाइड. तुमच्या विद्यार्थ्याला पहिल्या तिन्हींचे अर्थ धडाधड येतात, चौथा त्याला आधीपासून ठाऊक आहे. ‘क्वालिफाइड’ म्हणजे तर पात्र, पदवीधर. नोकरीच्या जाहिरातीतला शब्द. तो इतका ओळखीचा की त्याच्यावर नजरही थांबत नाही. उत्तर मात्र तेच आहे, कारण इंग्रजीत अटी घालून, हातचं राखून केलेल्या स्तुतीलाही ‘क्वालिफाइड’ म्हणतात. हा अर्थ तुमच्या पुस्तिकेत नाही, कारण तुमच्या लेखी हा शब्द ‘अवघड’ नाही. ‘चेक’ म्हणजे रोखणं, ‘टेम्पर’ म्हणजे सौम्य करणं, ‘फ्लॅग’ म्हणजे मंदावणं, ‘इकॉनॉमी’ म्हणजे काटकसर, हे अर्थही तिथं नाहीत. या परीक्षेत मुलं ज्या शब्दांवर पडतात, त्यांतले कितीतरी दिसायला असे साधेच असतात.

दुसरा प्रकार सहा पर्यायांतून दोन निवडण्याचा. दोन्ही शब्दांनी वाक्य पूर्ण व्हायला हवं आणि दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखा यायला हवा. एक चुकला तरी मार्क नाही. या सहांमध्ये पुष्कळदा समानार्थी शब्दांची एक अशी जोडी पेरलेली असते, जी त्या वाक्यात बसतच नाही. केवळ समानार्थी दिसतात म्हणून दोन शब्द उचलू नका, असा इशारा ईटीएस स्वतःच देते. तुम्ही मुलांना नेमकं तेच करायला शिकवता. तुमच्या पुस्तिकेत समानार्थी शब्दांचे गठ्ठे बांधलेले आहेत. मुलगा वाक्य अर्धवट वाचतो, गठ्ठ्यातले दोन शब्द दिसले की त्यावर क्लिक करतो आणि पुढे जातो. सापळा परीक्षेनं लावलेला असतो, पण मुलाला हात धरून त्यात तुम्ही नेता.

आणि वाक्य समजायला जे शब्द लागतात, त्यांचं काय? ‘ऑल्बीइट’, ‘नॉटविथस्टँडिंग’, ‘लेस्ट’, ‘इफ एनिथिंग’, ‘फार फ्रॉम’ हे वाक्याला वळण देणारे शब्द. लेखक आधीच्या म्हणण्याला दुजोरा देतो आहे की त्याच्या उलट जातो आहे, हे त्यांच्यावरून कळतं. रिकाम्या जागेचं उत्तर बहुतेक वेळा याच वळणावर ठरतं. मी महाविद्यालयात इंग्रजी वाचन शिकवते. तुमच्याकडून आलेली मुलं ‘पुसिलॅनिमस’चा अर्थ झोपेतसुद्धा सांगतात आणि ‘इफ एनिथिंग’पाशी अडखळतात. पॉल नेशन या भाषा-अभ्यासकानं २००६ साली मांडलं की, कोणाची मदत न घेता कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायचं तर मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, आणि त्यासाठी इंग्रजीतली आठ ते नऊ हजार शब्दकुळं, म्हणजे एकेका मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, यावी लागतात. यांतली बरीचशी शब्दकुळं मधल्या टप्प्यातली असतात, रोजच्या लिखाणात पुन्हा पुन्हा भेटणारी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची कमतरता याच टप्प्यात आहे. पाया भरायच्या जागी तुम्ही त्याच्या डोक्यावर दुर्मीळ शब्दांचं ओझं ठेवलंत.

पाठांतरच करून घ्यायचं होतं, तर निदान ते तरी नीट करून घ्यायचं. तेही तुम्हाला जमलेलं नाही. यादी इंग्रजी अक्षरक्रमानं लावलेली. पहिल्याच पानावर अ‍ॅबेस, अ‍ॅबॅश, अ‍ॅबेट हे तीन शब्द एकाखाली एक. एकाचा अर्थ मानखंडना करणं, दुसऱ्याचा ओशाळं करणं, तिसऱ्याचा ओसरणं. दिसायला सारखे, ऐकायला सारखे, एकाच दिवशी पाठ केलेले. आठवड्यात तिन्हींचा काला होतो. त्या पुस्तिकेच्या कडा एकदा बघा. ‘ए’पासून ‘डी’पर्यंतची पानं हाताळून काळवंडलेली असतात आणि ‘एस’च्या पुढची कोरी करकरीत. मधे केव्हातरी मुलानं हाय खाल्लेली असते.

जर्मनीत हर्मन एबिंगहाउसनं १८८५ साली विस्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून आपण ते किती वेगानं विसरतो, हे त्यानं स्वतःवर तपासलं. विस्मरण सुरुवातीला झपाट्यानं होतं आणि मग मंदावतं. एका बैठकीत रेटण्यापेक्षा दिवसांचं अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. याच तत्त्वावर सेबास्टियन लाइटनरनं १९७२ साली खोक्यांची पद्धत सांगितली. शब्दांची कार्डं करायची. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात टाकायचं आणि ते उशिरा पाहायचं. चुकलेलं पहिल्या खोक्यात परत, ते लगेच पाहायचं. याला लागतात चार रिकामी खोकी आणि थोडा पुठ्ठा. तुमच्याकडे सोमवारचे पन्नास शब्द शनिवारच्या चाचणीनंतर कायमचे सुटतात. पुढच्या सोमवारी नवे पन्नास. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट तुम्हाला माहीत नसेल, तर शिकवायला बसू नका. माहीत असेल, तर हा गुन्हा आणखी मोठा आहे.

सर्वांत जास्त नुकसान त्या उजवीकडच्या एका शब्दाच्या अर्थानं केलं आहे. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांची नावं पाठ केली म्हणून कोणाशी ओळख होत नाही. कोण कोणाचं, कोणाशी कोणाचं जमतं, कोणासमोर कोणतं बोलणं काढायचं नाही, हे त्यांच्यात वावरून कळतं. शब्दांचंही तसंच. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली हाच विचार मांडला होता, की शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारी येणाऱ्या शब्दांमध्ये पाहावा. तुम्ही शेजार कापून टाकलात.

एका विद्यार्थ्यानं अमेरिकेतल्या विद्यापीठाला पाठवायचं निवेदन मला तपासायला दिलं. स्वतःच्या प्रकल्प मार्गदर्शकांबद्दल त्यानं मनापासून लिहिलं होतं. सर प्रत्येक शंका तासन्‌तास समजावून सांगत, ते फार ‘गॅरुलस’ होते आणि त्यामुळे मला संशोधनाची गोडी लागली. तुमच्या पुस्तिकेत या शब्दापुढे ‘खूप बोलणारा’ एवढंच छापलेलं. त्याचा खरा भाव वायफळ वटवट करणारा असा आहे. ज्या गुरूचे पाय धरावेत असं त्याला वाटत होतं, त्या गुरूला त्यानं परक्या विद्यापीठासमोर वाचाळ म्हटलं. मी शब्दाचा भाव सांगितला तेव्हा त्या मुलाचा चेहरा पडला. तो म्हणाला, “मॅडम, यादीत तसंच होतं.” त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्यानं तुमच्यावर विश्वास ठेवला होता.

तुमचा बचाव मला पाठ आहे. तुम्ही म्हणता, विद्यार्थीच यादी मागतात. मागणारच. दहावीपासून त्यांना अपेक्षित प्रश्नसंच आणि गाइडं यांचीच सवय लावली आहे. शिक्षकाचं काम मागणी पुरवण्याचं नसतं. तुम्ही म्हणता, आमच्या अमक्याला १६५ पडले. त्यानं शाळेपासून काय वाचलं होतं, हे तुम्ही त्याला कधी विचारलंत का? त्याचा फोटो फलकावर लावलात आणि त्याच बॅचमधल्या बाकीच्यांबद्दल गप्प राहिलात. तुम्ही म्हणता, नॉर्मन लुईसचं पुस्तकही शब्दांचंच आहे. ते १९४९ साली निघालेलं पुस्तक एकदा उघडून बघा. लुईस एका धातूपासून निघालेलं कुटुंब समोर ठेवतो, शब्दाचा उच्चार म्हणून घेतो, लिहायला लावतो, थोड्या पानांनी पुन्हा विचारतो आणि थकलात तर थांबा असं सांगतो. तुम्ही त्यातले शब्द उचललेत आणि शिकवण्याची रीत मागे ठेवलीत.

शब्द शिकूच नयेत, असं मी म्हणत नाही. शब्दसाठा लागतो, भरपूर लागतो, आणि परक्या भाषेत तो कष्टानंच मिळवावा लागतो. वाचन पक्कं झाल्यावर शेवटच्या महिन्यात एखादी छोटी यादी नजरेखालून घालायला कोणाची हरकत असणार? तुम्ही शेवटची पायरी पहिली म्हणून विकलीत आणि मधल्या पायऱ्या काढून टाकल्यात.

याची किंमत कोण मोजतं? जीआरईची फी हजारो रुपयांत जाते. तुमची फी वेगळी. मार्क कमी पडले की तुम्ही सांगता, पुन्हा दे. २१ दिवसांनी पुन्हा देता येते, वर्षभरात पाच वेळा देता येते, आणि दर वेळी फी नव्यानं भरावी लागते. लातूर, सोलापूर, सांगलीहून पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाच्या घरात हे पैसे कुठून येतात, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. पैसे भरून तरी काढता येतील. सहा महिने इमानेइतबारे घोकून हाती काही लागलं नाही की, त्या मुलाची खात्री पटते की इंग्रजी हा आपला प्रांतच नाही. ती खात्री तो आयुष्यभर बाळगतो. बैठकीत गप्प बसतो, स्वतःचं संशोधन मांडायला बिचकतो.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्या वर्षी भारतानं चीनला मागे टाकलं. एवढा मोठा ओघ आहे म्हणूनच तुमचा गल्ला भरतो. २०२० च्या साथीनंतर अनेक विद्यापीठांच्या विभागांनी जीआरईची अट काढली किंवा ऐच्छिक केली, हे मात्र तुमच्या समुपदेशनाच्या टेबलावर कोणी सांगत नाही. मुलाला ज्या विभागात जायचं आहे तिथं ही परीक्षा लागते का, हा पहिला प्रश्न असायला हवा. तुम्ही तो विचारत नाही, कारण ‘नाही’ असं उत्तर आलं तर तुमची पावती फाटणार नाही.

आणि तिकडे पोचल्यावर काय? पहिल्याच आठवड्यात तीस-चाळीस पानांचे शोधनिबंध वाचायला देतात. लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, त्याचं कुठं चुकतं, हे चर्चेत बोलावं लागतं. जीआरईचा इंग्रजी भाग हेच कौशल्य तपासू पाहतो. तुम्ही परीक्षेची तयारी बिघडवलीत आणि परीक्षेनंतरच्या शिक्षणाचीही.

तेव्हा माझं तुम्हाला सांगणं असं. ती पुस्तिका छापणं बंद करा. पहिल्या दिवशी मुलाला ईटीएसच्या दोन मोफत पॉवरप्रेप चाचण्यांपैकी एक द्या आणि तो कुठं अडतो ते त्याच्या शेजारी बसून पाहा. रोज एक उतारा वर्गात वाचा, एक दिवस विज्ञानाचा, एक दिवस इतिहासाचा, एक दिवस कलेचा, आणि प्रत्येक वाक्यात लेखक कुठं वळला ते मुलांना बोलायला लावा. शब्द वहीत लिहायचा तो वाक्यासकट. अर्थ पाहायचा तो वापराची उदाहरणं देणाऱ्या शब्दकोशात; ए. एस. हॉर्नबी यांनी परभाषक विद्यार्थ्यांसाठी रचलेला असा कोश ऑक्सफर्डनं १९४८ पासून उपलब्ध करून दिला आहे. परीक्षेत लिहायच्या निबंधाच्या विषयांचा पूर्ण संच ईटीएसनं जाहीर केलेला आहे, त्यातला दर आठवड्याला एक लिहून घ्या आणि तपासून परत द्या. हे जमत नसेल तर फी परत करा आणि दुसरा धंदा पाहा.

शेवटचं विद्यार्थ्यांना आणि पालकांना. क्लासमध्ये पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: तुम्ही रोज काय वाचून घेता? उत्तरादाखल शब्दांचा आकडा ऐकू आला, तर उठून चालू लागा. आज संध्याकाळी इंग्रजी वर्तमानपत्राचा एक अग्रलेख घ्या, सावकाश वाचा, अडलेले पाच शब्द त्यांच्या वाक्यांसह लिहून ठेवा आणि परवा ते पुन्हा पाहा. उद्या दुसरा अग्रलेख घ्या. सहा महिने हे नेमानं केलंत तर इंग्रजीची भीती जाईल, आणि ती गेल्यावर परीक्षाही आवाक्यात येईल. इंग्रजी तुमच्या आवाक्याबाहेरचं नाही. ज्यांनी तुम्हाला तसं भासवलं त्यांना पैसे देणं आधी थांबवा.

— इंग्रजी वाचन शिकवणारी एक शिक्षिका